दिवाळीत ग्राहकांचे आभार कसे मानावेत: यादी, डबा, चिठ्ठी आणि स्नेहमिलन

व्यवसाय सुरू करून वर्ष-दोन वर्षं झालेल्यांसाठी हा लेख आहे. छापखाना असो, सीएचं ऑफिस असो, वर्कशॉप असो की कापडाचं दुकान, पद्धत थोड्याफार फरकानं सारखीच.

कागदोपत्री आपलं वर्ष ३१ मार्चला संपतं. पण मार्चअखेर म्हणजे हिशेब, वसुली आणि धावपळ, त्यात आभार मानायला कोणाला सवड नसते. आपल्याकडे व्यापाऱ्याचं वर्ष दिवाळीला पालटतं. लक्ष्मीपूजनाला वहीपूजन होतं आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे पाडव्याला, नवी वही सुरू होते. मुंबई शेअर बाजारात १९५७ पासून दिवाळीला मुहूर्ताचे सौदे होतात, तेही नव्या वर्षाच्या शुभारंभासाठीच. म्हणून वर्षभर आपल्याला काम देणाऱ्या माणसांना धन्यवाद द्यायचे, तर दिवाळीच योग्य.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. हा आभाराचा कार्यक्रम आहे. नवे दर, नवी योजना, पुढच्या ऑर्डरची विचारणा आणि थकबाकीची आठवण यांतलं काहीही त्यात येता कामा नये. फराळाच्या डब्यात दरपत्रक सरकवलं की तो डबा जाहिरातीचा झाला, आणि समोरच्याला ते लगेच कळतं. डब्यावर काय छापायचं, भाषण किती करायचं, कोणाला बोलवायचं, हे सगळं याच एका नियमानं ठरवत जा.

दिवस ठरवणं

नवखे लोक हौसेनं पाडव्याच्या संध्याकाळचा बेत करतात आणि मग खुर्च्या रिकाम्या राहतात. पाडव्याला घरोघरी ओवाळणी असते, जावयाची दिवाळी असते. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात आणि पुण्या-मुंबईतली निम्मी माणसं गावाकडे गेलेली असतात. तुमच्या कर्मचाऱ्यांनाही त्या दिवशी घरी असायचं असतं.

तुमचं दुकान असेल आणि गिऱ्हाईक जवळपासचं असेल, तर लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ चांगली. पूजा प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या सव्वादोन-अडीच तासांत करतात. साडेसहा ते साडेआठ अशी वेळ कळवली की लोक येता-जाता दर्शन घेऊन, प्रसाद घेऊन जातात. कोणालाही बसवून ठेवायचं नाही. अमावास्या दोन दिवसांत विभागली गेली की तारखेचा घोळ होतो, तेवढा सांभाळा. २०२५ मध्ये अमावास्या २० आणि २१ ऑक्टोबर अशी होती. उत्तरेत अनेकांनी २० तारखेला दिवाळी केली, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी लक्ष्मीपूजन २१ ला दिलं. निमंत्रणात तिथी आणि तारीख दोन्ही लिहा.

ऑफिस, कारखाना किंवा सेवा-व्यवसाय असेल तर भाऊबीजेनंतरचा, तुळशीच्या लग्नाच्या आसपासचा शनिवार धरा. तोवर माणसं परतलेली असतात, कामाचा रेटा पुन्हा सुरू झालेला नसतो. अशा वेळी डबा दिवाळीआधी पोचवायचा आणि स्नेहमिलन दिवाळीनंतर करायचं. दोन्ही करण्याइतकी ऐपत पहिल्या वर्षी नसेल तर फक्त डबा आणि चिठ्ठी करा. अर्धवट कार्यक्रमापेक्षा मनापासून लिहिलेली चिठ्ठी कितीतरी चांगली.

यादी

हे काम पितृपक्षात उरका. त्या पंधरवड्यात बरेच जण नवी खरेदी, नवे सौदे टाळतात, त्यामुळे बाजार थंड असतो आणि तुम्हाला शांतपणे बसता येतं.

वर्षभराची बिलं समोर घ्या, पण यादी फक्त रकमेवरून करू नका. ज्यांनी तुमचं नाव दुसऱ्याला सुचवलं, ज्यांनी पैसे वेळेवर दिले, ज्यांनी चूक झाल्यावर ओरडण्याऐवजी दुरुस्त करून घेतली, ती माणसं छोट्या बिलाची असली तरी वरच्या नावांत हवीत. शिवाय ग्राहकाच्या कंपनीत रोज तुमच्याशी बोलणारी माणसं वेगळी असतात: स्टोअरमधले काका, अकाउंट्समधल्या ताई, गेटवरचा रखवालदार. मालकाच्या टेबलावर वीस डबे येतात. या लोकांसाठी नावानिशी कोणी काही आणत नाही, आणि तुमचं काम खरं तर त्यांच्यामुळे सुरळीत चालतं.

यादीत सहा रकाने ठेवा: नाव, हुद्दा, पत्ता, घरी की ऑफिसात, खाण्याचं पथ्य, आणि वर्षभरात घडलेली एक नेमकी गोष्ट. शेवटचा रकाना चिठ्ठी लिहिताना लागतो. नावं एकदा तुम्ही वाचा, एकदा त्या ग्राहकाशी बोलणाऱ्या सहकाऱ्याला वाचायला द्या. नोकरी बदललेली माणसं, चुकलेली आडनावं, हयात नसलेल्या भागीदाराचं नाव, हे सगळं इथंच पकडलं जातं.

ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तिथं फराळ करत नाहीत. शेजारी आणि नातेवाईक डबा नेऊन देतात. तुमचाही डबा तिथं चालतो. फक्त झगमगीत वेष्टन आणि ‘शुभ दीपावली’चं कार्ड नको. साधा डबा घेऊन स्वतः जा आणि पाच मिनिटं बसा.

सरकारी अधिकाऱ्यांना आणि काही मोठ्या कंपन्यांतल्या लोकांना भेटी घेण्याबाबत नियम असतात. सरकारी खात्याचं काम करत असाल तर डबा पाठवूच नका, शुभेच्छांचं पत्र पुरे. कंपनीच्या बाबतीत आधी फोन करून ‘फराळाचा डबा पाठवला तर चालेल ना?’ असं विचारा. परत आलेला डबा दोघांनाही अवघड करून सोडतो.

डबा

डबे किती? समजा ग्राहक ६०, त्यांच्याकडची रोजच्या संपर्कातली माणसं १५, तुमचे कर्मचारी आणि पुरवठादार मिळून १३. झाले ८८. दहा टक्के जास्त धरले की ९७, म्हणजे १०० सांगा. राखीव डबे हमखास लागतात: एखादा फुटतो, एखादं नाव ऐन वेळी आठवतं.

अर्ध्या किलोच्या डब्याचं जमलेलं प्रमाण असं: चिवडा १५० ग्रॅम, चकल्या ५ (सुमारे १०० ग्रॅम), शंकरपाळे १०० ग्रॅम, बेसनाचे लाडू ४ (प्रत्येकी ४० ग्रॅम). शंभर डब्यांसाठी चिवडा १५ किलो, चकल्या ५००, शंकरपाळे १० किलो, लाडू ४०० लागतात. चारच पदार्थ ठेवा. सात-आठ पदार्थांचा डबा दिसायला भरगच्च, पण प्रत्येक पदार्थ घासभर येतो आणि चार माणसांच्या घरात कोणाच्याच वाट्याला धड काही येत नाही.

कोणते पदार्थ टाळायचे ते त्यांच्या टिकण्यावरून ठरतं. ओल्या नारळाचे रव्याचे लाडू दोन-चार दिवसांत उतरतात. ओल्या नारळाच्या करंज्यांचंही तेच. तुपात खमंग भाजलेल्या बेसनाचे लाडू पंधरा दिवस सहज राहतात, कारण त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. खव्याची मिठाई डब्यात नकोच. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांना बंधनकारक आहे, पण तुमच्या डब्यात गेल्यावर ती तारीख कोणाला दिसणार?

बाहेरगावी कुरिअरनं जाणाऱ्या डब्यात चकलीऐवजी कडबोळी घाला. चकलीचे वेढे वाटेत मोडतात आणि पोचतो तो चुरा; कडबोळं जाड असतं, ते तग धरतं. परदेशातल्या ग्राहकाला पाठवायचं असेल तर तेवढा फराळ आधी वेगळा बनवून घेऊन नवरात्रातच रवाना करा, आणि त्या देशात कोणते खाद्यपदार्थ चालतात ते कुरिअरवाल्याकडून आधी लेखी घ्या.

डबे बिघडतात ते बहुतेक वेळा भरताना. चकली हाताला किंचितही कोमट लागत असताना पिशवी बंद केली, की आतली वाफ पाणी होऊन बसते आणि दुसऱ्या दिवशी चकली वातड. तळलेलं सगळं ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरायचं. चिवडा आणि लाडू एकाच कप्प्यात ठेवले तर लाडवाचं तूप चिवड्याला लागतं आणि पोहे मऊ पडतात. प्रत्येक पदार्थाला स्वतःची बंद पिशवी द्या, मग बाहेरचा डबा साध्या पुठ्ठ्याचा असला तरी चालतो. पुठ्ठ्याला आतून बटर पेपर लावा, नाहीतर तेलाचे डाग बाहेर येतात.

चव बघण्याची रीत महत्त्वाची आहे. नमुना आणला त्याच दिवशी सगळं छानच लागतं. पिशवी बंद ठेवून पाच दिवसांनी उघडा. खवट वास आला तर तेल परत-परत वापरलेलं आहे किंवा चिवड्यातलं सुकं खोबरं जुनं आहे, असं समजा. चिमूटभर चिवडा कागदावर दाबून बघा. मोठा तेलकट डाग पडला तर तो चिवडा पंधरा दिवस टिकणार नाही.

ऑर्डर महिला बचत गटाला द्या, असं आम्ही आवर्जून सांगू. घरगुती चव मिळते आणि पैसे योग्य हातात जातात. मात्र आधी तीन प्रश्न विचारा: किती जणी काम करतात, तळणीला एका वेळी किती कढया असतात, आणि दिवाळीच्या आठवड्यात आणखी कोणाची ऑर्डर आहे. पाचशे चकल्या पाडून तळणं हे दोघींचं काम नव्हे. पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि घटकपदार्थ हवेत. शेंगदाणे, काजू, तीळ, दूध हे ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी ही घटकांची यादीच कामी येते. जैन ग्राहकांसाठी कांदा-लसूण नसलेला चिवडा वेगळा बनवून घ्या आणि त्या डब्यांवर रंगीत ठिपका लावा. ‘कोणता डबा कोणाचा’ हे भरून झाल्यावर वासानं ओळखता येत नाही.

पूजेचा प्रसाद फराळाच्या डब्यात घालू नका. डबा सगळ्या धर्मांच्या ग्राहकांकडे जातो. प्रसाद जो मागेल, घेईल त्याला हातात द्यावा.

वेळापत्रक सणांवरच बांधा. नवरात्रात नमुने चाखा. दसऱ्याला निम्मे पैसे आगाऊ देऊन ऑर्डर पक्की करा. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात. कोजागरीपर्यंत चिठ्ठ्या लिहून तयार. वसुबारसेच्या तीन-चार दिवस आधी डबे हातात घ्या आणि धनत्रयोदशीच्या दुपारपर्यंत वाटप संपवा. त्यानंतर ऑफिसं बंद होतात आणि डबा रखवालदाराच्या खोलीत चार दिवस पडून राहतो. एका भागातले डबे एका फेरीत बसवा. एका दुचाकीवर दहाच्या वर डबे नीट जात नाहीत.

चिठ्ठी

सगळ्या खटाटोपात सर्वात कमी पैशांची आणि सर्वात जास्त लक्षात राहणारी गोष्ट हीच. छापील मजकूर, खाली कंपनीचं बोधचिन्ह आणि शिक्का, असं कार्ड कोणी वाचत नाही. चार ओळी, शाईच्या पेननं, मालकाच्या हातच्या. पहिल्या ओळीत नमस्कार, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत ती नेमकी गोष्ट, चौथीत शुभेच्छा. उदाहरणार्थ, छापखान्याकडून जाणारी:

‘सप्रेम नमस्कार. जुलैच्या पावसात कागदाची गाडी अडकली तेव्हा तुम्ही चार दिवस थांबलात, आणि तरीही बिल ठरल्या तारखेला दिलंत. त्या महिन्यात आमच्या माणसांचे पगार वेळेवर झाले ते त्यामुळे. तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.’

हे वाक्य दुसऱ्या कोणालाही पाठवता येणार नाही, आणि त्यातच त्याचं मोल आहे. ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल’ ही ओळ साठच्या साठ जणांना चालते, म्हणून ती कोणालाच लागू पडत नाही. रोज सहा-सात चिठ्ठ्या लिहिल्या तर साठ चिठ्ठ्या दहा दिवसांत होतात. एका बैठकीत लिहायला गेलात की विसाव्या चिठ्ठीपासून तीच ती वाक्यं येऊ लागतात.

आडनावापुढे ‘साहेब’ लावायचं की ‘दादा’, ‘ताई’, ‘काका’, हे तुम्ही त्यांच्याशी फोनवर जसं बोलता त्यावर ठेवा. वर्षभर ‘काका’ म्हणून हाक मारायची आणि चिठ्ठीत ‘माननीय महोदय’, हे विचित्र वाटतं.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर विसंबू नका. तुमचा नंबर ज्यांनी फोनमध्ये साठवलेला नाही त्यांच्यापर्यंत तो संदेश पोचतच नाही, आणि पोचला तरी त्या दिवशीच्या शेकडो दिव्यांच्या चित्रांत हरवतो.

स्नेहमिलन

निमंत्रण मालकानं फोनवर द्यावं. संदेश नंतर, फक्त पत्ता आणि वेळ कळवायला. एकट्याला की सहकुटुंब, हे स्पष्ट सांगा. साठ जणांना सहकुटुंब बोलावलंत तर अर्ध्याहून थोडी जास्त कुटुंबं येतील असं धरून ७० ताटल्यांची तयारी ठेवा. ग्राहकांत कोणी शेअर दलाल असेल आणि तुमचं निमंत्रण लक्ष्मीपूजनाचं असेल, तर मुहूर्ताच्या सौद्यांची वेळ आधी बघून घ्या. २०२५ मध्ये ती दुपारी पावणेदोन ते पावणेतीन होती.

जागेचा अंदाज असा: उभ्यानं बोलत खायचं असेल तर माणशी साधारण दहा चौरस फूट. चारशे चौरस फुटांच्या मोकळ्या खोलीत एका वेळी ४० माणसं मावतात. वेळ पाच ते साडेसात अशी ठेवली की येणं-जाणं विभागलं जातं. वयस्कर पाहुण्यांसाठी भिंतीकडेनं १५ खुर्च्या लावा. चपलांसाठी दारात सतरंजी आणि एक माणूस, नाहीतर रांगोळी पहिल्या दहा मिनिटांत पुसली जाते. पणत्या पंख्याच्या आणि एसीच्या वाऱ्यात राहत नाहीत. समई कोपऱ्यात ठेवा, कागदाच्या कंदिलापासून हातभर लांब.

खाण्यात मुख्य गोष्ट लक्षात घ्या: भाऊबीजेनंतर फराळ बघूनच लोकांचं पोट भरतं. तेव्हा ताटलीत गरम आणि तिखट हवं. दोन बटाटेवडे, हिरवी चटणी, एक चकली, एक पेढा, आणि प्यायला मसाला दूध किंवा चहा. सत्तर जणांना १४० वडे: बटाटे ५ किलो, बेसन पावणेदोन किलो. वडे दर वीस मिनिटांनी घाणा काढून तळायला सांगा. आधीच तळून झाकणाच्या डब्यात ठेवले की स्वतःच्या वाफेनं मऊ पडतात. मसाला दुधाला ८ लिटर दूध, आटवून सात-सव्वासात लिटर. साखर ६०० ग्रॅम, दुधाचा मसाला १२० ग्रॅम. जाड बुडाचं पातेलं घ्या आणि ढवळत राहा, खाली लागलं की करपट वास सगळ्या दुधाला येतो. चहा ठेवायचा तर ३ लिटर दूध, साडेतीन लिटर पाणी, दीडशे ग्रॅम पावडर, साडेचारशे ग्रॅम साखर. बिनसाखरेचा एक थर्मास वेगळा ठेवा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

दुकानातल्या लक्ष्मीपूजनाला एवढंही लागत नाही. साळीच्या लाह्या पाऊण किलो आणि बत्तासे दीड किलो सत्तर जणांना पुरतात. चौरंगावर नव्या वहीशेजारी लॅपटॉप ठेवत असाल तर हळद-कुंकू बंद झाकणावर, अगदी बोटभर. कुंकवाची पूड कळफलकात गेली की निघत नाही.

दारात असा माणूस उभा करा जो ग्राहकांना चेहऱ्यानं ओळखतो. पाहुणा आला की गुलाबपाणी, अत्तर, आणि नावानं स्वागत. मालकानं एका जागी बसू नये. प्रत्येकाला तीन-चार मिनिटं द्यायची तर अडीच तासांत जेमतेम चाळीस जण होतात, म्हणून भागीदार किंवा वरिष्ठ सहकाऱ्याबरोबर आधीच नावं वाटून घ्या.

भाषण पाच मिनिटांचं, एकच. कर्मचाऱ्यांना पुढे बोलावून ‘तुमचं काम यांनी केलं’ असं नावानिशी सांगा. ग्राहकाला त्या माणसाचा आवाज फोनवर माहीत असतो, चेहरा इथं कळतो. कोणत्या ग्राहकाचं कोणतं काम केलं हे मात्र माइकवर बोलू नका. त्याच खोलीत त्याचा प्रतिस्पर्धी उभा असू शकतो. फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी विचारा, त्याचंही कारण हेच.

जाताना गोविंदविडा. सत्तर जणांत साठ विडे पुरतात, काहींचे बिनसुपारीचे.

हिशेब आणि कर

भेट म्हणून दिलेल्या वस्तूंवर भरलेल्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून त्याची वजावट, मिळत नाही; खाणं आणि केटरिंगचंही सर्वसाधारणपणे नाही. तेव्हा खर्च जीएसटी धरूनच मांडा. एका व्यक्तीला एका दिवशी १०,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही, म्हणून केटररचे पैसे बँकेतून द्या.

महागड्या भेटी देत असाल तर आणखी एक नियम आहे. १ जुलै २०२२ पासून, व्यवसायाच्या संबंधातून एकाच व्यक्तीला वर्षभरात २०,००० रुपयांहून जास्त किमतीचे लाभ किंवा भेटी दिल्या तर १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानंच कापून भरायचा आयकर, भरावा लागतो. वैयक्तिक मालकीच्या व्यवसायाची आदल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत, किंवा पेशातली मिळकत ५० लाखांच्या आत असेल तर यातून सूट आहे. हा नियम कलम १९४आर म्हणून ओळखला जातो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएला विचारून नोंद करा. फराळाचा डबा या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. सोन्याची नाणी, मोबाईल, सहली यांच्या बाबतीत प्रश्न येतो, आणि आभारासाठी त्यांची गरज आम्हाला वाटत नाही.

नंतरचं काम

बचत गटाचे उरलेले पैसे डबे मिळाल्याच्या दिवशीच द्या. त्यांनी तूप, बेसन, तेल बहुधा उसनवारीवर आणलेलं असतं. स्नेहमिलनाच्या दुसऱ्या दिवशी अर्धा तास बसून यादीत तीन खुणा करा: कोण आलं, कोणाचा डबा परत आला किंवा पोचलाच नाही, कोणी पथ्य सांगितलं. जे आले नाहीत त्यांना त्रिपुरी पौर्णिमेच्या आत फोन करा, ‘का आला नाहीत’ असं न विचारता फक्त चौकशीसाठी. कार्यक्रमात कोणी कामाचा विषय काढला असेल तर तो त्या दिवशी न बोलता वहीत टिपून ठेवलेला असतो. त्याचा फोन सोमवारी, वेगळा करा. आणि थकबाकीची पत्रं पाठवायची असतील तर किमान आठ दिवस जाऊ द्या.